संध्याकाळच्या सफारीत फोटो हलून येतात, फुल फ्रेम घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की डिसेंबरात कोलारा गेटने ताडोबाची दुपारची सफारी केली, शेवटच्या पाऊण तासात वाघीण रस्त्यावर आली, हातात १५०-६०० एमएमची झूम लेन्स आणि क्रॉप सेन्सरची (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी, आयएसओ (फोटो किती उजळ करायचा तो आकडा) १६०० वर फिक्स करून ठेवलेला कारण कोणीतरी सांगितलं होतं की त्याच्या वर गेलं की फोटो खराब होतो. नागपूरला परत येऊन कॉम्प्युटरवर बघितलं तर एक पण फोटो शार्प नाही. आणि आता फुल फ्रेम बॉडी घ्यायचा विचार करून राहिले.

भाऊ, थांबा जरा. पैसे कुठे पळून चालले नाहीत. तुमच्या फोटोंची वाट आयएसओच्या भीतीनं लागली आहे, बॉडीचा त्यात फार दोष नाही.

हिशोब करून बघा. सूर्य झाडांच्या मागे गेला की सागाच्या सावलीत जो उजेड उरतो त्यात आयएसओ १६०० आणि एफ ६.३ अॅपर्चरवर (लेन्सचं भोक, आकडा लहान तेवढं भोक मोठं) शटर मिळतं १/५० सेकंदाच्या आसपास. ६०० एमएमवर, जिप्सीत उभं राहून, चालत्या वाघिणीचा फोटो १/५० वर काढायचा म्हणजे नशिबाचाच खेळ. तोच आयएसओ ६४०० केला असता तर १/२०० मिळालं असतं, ८००० केला असता तर १/२५०. दाणे (नॉइज, फोटोवरचे बारीक ठिपके) आले असते, येऊ द्या ना. तांदळात खडे असले तर निवडता येतात, पण भात करपला की काही करता येत नाही, तसं आहे हे. दाण्यावर आज बरेच चांगले उपाय आहेत, हललेल्या फोटोवर नाहीत.

आणि एक गैरसमज फार पसरला आहे, की दाणे आयएसओ वाढवल्यामुळे येतात. दाणे मुख्यतः येतात सेन्सरवर प्रकाशच कमी पडला म्हणून. आयएसओ कमी ठेवून फोटो काळा काढला आणि घरी येऊन लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा अर्धा) वर खेचला तर दाणे तेवढेच दिसतात, काही जुन्या बॉड्यांवर तर जास्तच, वरून सावल्यांमध्ये पट्टे आणि जांभळट डाग येतात ते वेगळे. त्यामुळे अंधारात आधी शटर ठरवायचं, अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवायचं आणि आयएसओ जिथे जातो तिथे जाऊ द्यायचा. मॅन्युअल मोड, त्यात ऑटो आयएसओ, वरची मर्यादा क्रॉप बॉडीला १२८०० आणि फुल फ्रेमला २५६००. मी असंच ठेवतो आणि माझ्या ओळखीतले रोज जंगलात जाणारे बहुतेक जण असंच काहीतरी ठेवतात.

आता शटर किती, तर ते जनावर काय करून राहिलं त्यावर. बसलेला वाघ, लेन्स बीन बॅगवर (धान्य भरलेल्या पिशवीवर), स्टॅबिलायझेशन चालू, इंजिन बंद, तर १/१०० ला आरामात मिळतो, १/६० ला पण मिळतो, फक्त आठ-दहा फोटोंचा सलग बर्स्ट मारा, त्यातला एखादा शार्प निघतोच. समोरून तुमच्याकडे चालत येणारा वाघ १/२५० ला होतो, कारण फ्रेममध्ये तो फार सरकत नाही. तोच वाघ आडवा रस्ता ओलांडत असेल तर १/५०० च्या खाली पाय हलतात, डोकं कदाचित शार्प येईल कारण वाघ चालताना डोकं बऱ्यापैकी स्थिर ठेवतो. रानकुत्रे पळत असतील, चितळ उधळले असतील तर १/१००० पाहिजे आणि तेवढा उजेड संध्याकाळी नसतोच, त्यासाठी वेगळी पद्धत आहे ती खाली सांगतो.

चालणारा वाघ चालतच राहत नाही हे लक्षात ठेवा. तो थांबतो. झाडाच्या बुंध्यापाशी वास घ्यायला थांबतो, फवारा मारायला थांबतो, दूर कुठे चितळानं कॉल दिला की कान वळवून अर्धा क्षण थांबतो. कमी उजेडात फोटो त्या थांबण्यात असतो. लोक काय करतात तर वाघ दिसला की बटण दाबतात आणि कॅमेऱ्याचा बफर (तात्पुरती मेमरी) भरेपर्यंत सोडत नाहीत, मग नेमका तो थांबून मान वळवतो तेव्हा कॅमेरा कार्डवर लिहीत बसलेला असतो. पाऊल टाकून झालं की छोटा बर्स्ट, थांबला की मोठा, एवढं जरी पाळलं तरी शार्प फोटोंचं प्रमाण बदलतं.

स्टॅबिलायझेशनबद्दल पण बोलून टाकतो. व्हीआर म्हणा, ओएस म्हणा, आयएस म्हणा, ते फक्त तुमच्या हाताचं हलणं सांभाळतं, जनावराच्या हलण्याशी त्याला देणंघेणं नाही. शिवाय त्याला जागेवर बसायला क्षणभर लागतो, म्हणून बटण अर्धं दाबून व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर झालं की मगच पूर्ण दाबा, झटक्यात दाबलं तर पहिले दोन फोटो वाया जातात.

मीटरिंगमध्ये, म्हणजे कॅमेरा उजेड मोजतो त्यात, मोठी गंमत आहे. कॅमेऱ्याला कळत नाही की संध्याकाळ झाली आहे. समोर काळोखं जंगल दिसलं की तो त्याला दुपारसारखं उजळ करायला जातो, त्यासाठी आयएसओ उगीच वर नेतो, आणि वाघाच्या गालावरचे आणि डोळ्यांवरचे पांढरे भाग फुटून जातात. म्हणून ऑटो आयएसओसोबत एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो गडद-उजळ करायची सेटिंग) मायनस ०.७ वर ठेवा, मागे गर्द बांबू असेल तर मायनस १. संध्याकाळ संध्याकाळसारखीच दिसली पाहिजे. वरती आयएसओ कमी ठेवून नंतर खेचू नका म्हटलं आणि इथे मायनस करा म्हणतो, गोंधळू नका, इथे आपण फोटो नंतर खेचणारच नाही, तो तेवढाच गडद पाहिजे. अस्वल आणि रानगव्याला तर मायनस १ पक्का, अंगभर काळं जनावर फ्रेममध्ये भरलं की कॅमेरा त्याला राखाडी करून टाकतो. उलट आकाशाच्या पार्श्वभूमीवर वाळलेल्या झाडावर घुबड किंवा मत्स्यगरुड बसला असेल तर प्लसमध्ये जावं लागतं.

स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. अंधारात मागची स्क्रीन डोळ्याला फार उजळ वाटते आणि फोटो झकास दिसतो, घरी उघडला की काळा. स्क्रीनचा ब्राइटनेस खाली आणा आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघायची सवय लावा. शूट रॉमध्येच (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) करा, जेपेगमध्ये कॅमेरा स्वतःच दाणे घासून टाकतो आणि वाघाची केसाळ कातडी मेणासारखी होते.

फोकसचं दुखणं वेगळं आणि बऱ्याच जणांना वाटतं फोटो हलला, खरं तर फोकसच चुकलेला असतो. कसं ओळखायचं, तर फोटो शंभर टक्के झूम करून बघा. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर कॅमेरा हलला. जमीन शार्प आणि पाय धूसर असेल तर वाघ हलला. आणि वाघ मऊ पण त्याच्या मागचं किंवा पुढचं गवत धारदार असेल तर फोकस. तुमच्या मिररलेस बॉडीचा आय डिटेक्शन (डोळा शोधून केलेला फोकस) बांबूत हमखास फसतो, समोरच्या काडीवर जाऊन बसतो. तेव्हा सिंगल पॉइंट किंवा लहान झोनवर या, बॅक बटण फोकस (फोकस मागच्या वेगळ्या बटणावर) लावा, आणि पॉइंट अशा जागी ठेवा जिथे काळ्या-पांढऱ्याची कड आहे, म्हणजे डोळ्याजवळचा पांढरा पट्टा, कानाची कड, गालावरची काळी रेघ. पाठीच्या सपाट पिवळ्या भागावर अंधारात फोकस पुढेमागे शोधत बसतो. कंपनीनं छापलेलं असतं की कॅमेरा मायनस ४, मायनस ६ ईव्हीपर्यंत, म्हणजे फार अंधारात पण, फोकस करतो, ते आकडे बहुतेक वेळा फार उघड्या लेन्सवर मोजलेले असतात, एफ ६.३ च्या लेन्सवर तेवढी अपेक्षा ठेवू नका. टेलिकन्व्हर्टर (झूम वाढवायला लेन्समागे लावतात ती जोडकाच) संध्याकाळी बॅगेत ठेवा, १.४ चा पण एक पूर्ण स्टॉप खातो. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावून फिरणारे पण पाहिलेत मी, तो दीड-दोन स्टॉप खातो, चार वाजल्यानंतर काढून ठेवायचा.

झूमचा मोह हा तुमच्या फोटोंचा दुसरा गुन्हेगार. वाघीण रस्त्यावर होती म्हणता, म्हणजे अंतर फार नसणार, तरी तुम्ही ६०० वर होते. ताडोबात वाघ रस्त्यानं चालत येतो तेव्हा कधी कधी १५-२० मीटरवर असतो. ३०० वर या, लेन्स एफ ५.६ च्या आसपास उघडते, हाताचा हादरा अर्धाच दिसतो, आणि फ्रेममध्ये थोडं जंगल पण येतं. कान-नाक-डोळे भरून काढलेल्या वाघाच्या चेहऱ्याचा आता मला तर कंटाळा आला आहे, सगळ्यांचे सारखेच दिसतात.

जिप्सीचं सांगतो कारण इथे नागपूरकडचे फोटोग्राफर सगळ्यात जास्त मार खातात. जिप्सीचं इंजिन चालू असेल तर लोखंडी पाइप थरथरतो, त्यावर लेन्स टेकवली तर १/१०० ला पण फोटो खराब होतो. सफारी सुरू होण्याआधीच गेटवर ड्रायव्हर दादाशी बोलून घ्या की जनावर थांबलं की दादा गाडी बंद करा, ते बहुतेक वेळा ऐकतात, पण वाघ समोर आल्यावर मागून ओरडून सांगितलं तर कोणी ऐकत नाही आणि ओरडणं वाईट ते वेगळं. बीन बॅग रिकामी न्या आणि तांदूळ किंवा राजमा भरा, थर्माकोलचे मणी भरू नका, वजनच नसतं. सहा पर्यटक, गाइड, ड्रायव्हर एवढी माणसं एका गाडीत, एकानं पाय हलवला की सगळी गाडी हलते. सोबतच्यांना आधीच सांगून ठेवा की फोटो काढताना हलायचं नाही, आणि स्वतः उभं राहण्यापेक्षा बसून, लेन्स साइडच्या कडेवर टेकवून काढा, अँगल पण खाली येतो आणि फोटो जास्त चांगला दिसतो.

ड्रायव्हरला "अजून थोडं जवळ घ्या" म्हणू नका. आणि गेटची वेळ. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य साधारण पावणेसहाच्या आत मावळतो, मे महिन्यात पावणेसातच्या आसपास, आणि गाड्या वेळेत बाहेर पडाव्याच लागतात. उशीर झाला तर दंड आणि बंदी ड्रायव्हर-गाइडच्या डोक्यावर बसते, तुम्ही तर रात्री नागपुरात जेवायला पोचलेले असता. म्हणजे शेवटच्या वीस मिनिटांत गाडी गेटकडे पळत असते आणि तेव्हा वाघ दिसला तर तुम्हाला अर्धा मिनिट मिळेल. त्या अर्ध्या मिनिटात मेनू उघडायचा नसतो. कस्टम मोड आधीच भरून ठेवा, एकात १/१०० बसलेल्या जनावरासाठी, दुसऱ्यात १/५०० चालत्यासाठी, तिसऱ्यात १/२० पॅनिंगसाठी (जनावरासोबत कॅमेरा फिरवून काढायला), चक्री फिरवली की काम झालं. कोअरमध्ये (जंगलाच्या आतल्या गाभ्यात) मोबाईल नेता येत नाही, त्यामुळे अॅपच्या भरवशावर राहू नका, साधं घड्याळ हाताला बांधा.

कुठे आणि कधी जावं हे पण उजेडाचंच गणित आहे आणि याबद्दल कोणी बोलत नाही. ऑक्टोबरात कोअर उघडतं तेव्हा जंगल गच्च हिरवं असतं, सागाची पानं मोठमोठी, खाली दुपारी चारलाच संध्याकाळ होते. सुंदर असतं, पण कमी उजेडाचा सगळ्यात कठीण काळ तोच. मार्चपासून साग उघडा पडतो, आकाश खाली येतं, त्याच वेळेला त्याच रस्त्यावर चांगला स्टॉपभर उजेड जास्त मिळतो. बांबूच्या पट्ट्यात मात्र उन्हाळ्यात पण अंधार असतो आणि सगळं हिरवट दिसतं, तिथला व्हाइट बॅलन्स नंतर हातानं दुरुस्त करावा लागतो. म्हणून माझं मत असं की शेवटचा अर्धा तास बांबूत वाघ शोधत फिरण्यापेक्षा पाण्याजवळ उभं राहावं. तेलिया तलाव असो, ताडोबा तलाव असो, पांढरपौनी असो, वर आकाश मोकळं असतं आणि पाण्यावरून उजेड परत येतो. वाघ नाही आला तरी सांबर येतं, रानडुकरं येतात, बगळे असतात. गाइडला हे सांगितलं की तो आधी तुमच्याकडे विचित्र बघेल, कारण बाकी सगळ्यांना वाघाच्या मागे पळायचं असतं.

मे महिन्यात अजून एक भानगड. डांबरी किंवा मुरमाचा रस्ता दिवसभर तापलेला असतो, दूरच्या जनावराचा फोटो हवेच्या लहरींनी मऊ येतो आणि आपण शटरला शिव्या देत बसतो. त्यावर उपाय नाही, जवळ येऊ द्या किंवा सोडून द्या. आणि समोरच्या जिप्सीची धूळ, तिला शिव्या देऊ नका, सूर्य समोर असेल तर त्या धुळीतून जनावराच्या कडेला जी सोनेरी रेघ मिळते ती काढा. पावसाळ्यात बफरला, म्हणजे कोअरभोवतीच्या जंगलात, जाणाऱ्यांनी कॅमेरा रिसॉर्टच्या एसी खोलीत उघडा ठेवू नका, बाहेर दमट हवेत आणला की काच धुक्यानं भरते आणि पहिली वीस मिनिटं गेली. बॅगेत बंद करून ठेवा किंवा एसी नसलेल्या ठिकाणी ठेवा. हिवाळ्याच्या सकाळी उलट, आपलाच श्वास व्ह्यूफाइंडरवर जातो, मफलर नाकावर ओढला की आणखी जास्त जातो.

आता ती वेगळी पद्धत. सूर्य बुडाल्यावर पाच मिनिटांत एक-दोन स्टॉप उजेड सहज जातो. एका टप्प्यानंतर आयएसओ २५६०० करून पण १/६० मिळत नाही, तेव्हा शार्प पोर्ट्रेटचा हट्ट सोडायचा. शटर १/२० वर आणा, आयएसओ आपोआप खाली येतो, आणि पळणाऱ्या चितळासोबत, चालणाऱ्या रानकुत्र्यांसोबत कॅमेरा फिरवत बर्स्ट मारा, लेन्सला पॅनिंगचा मोड असेल तर तो लावा. पार्श्वभूमी ओढली जाते, डोकं थोडंफार शार्प राहिलं की झालं. पंचवीसमधले चोवीस फोटो कचरा निघतात, ठरलेलं आहे. किंवा तलावाच्या काठावर सांबराची शिंगं आकाशावर घेऊन सिल्हूट (नुसती काळी आकृती) काढा, तिथे एक्स्पोजर आकाशाचं धरायचं, मायनस २ पर्यंत जा. फ्लॅश आणि टॉर्चचा विचार पण नको, चालत नाही आणि करू पण नये, वरून डोळे हिरवेगार चमकतात आणि फोटो भुतासारखा दिसतो. पूर्ण अंधार झाल्यावर काही काढायचंच असेल तर आपल्या बाजूच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या सुरुवातीला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा काळोख जपलेली जागा) म्हणून मान्यता मिळाली आहे, सिल्लारीजवळ वाघोड्याला वेधशाळा पण आहे, तिथे ट्रायपॉड लावून आकाशगंगा काढा, तो वेगळाच छंद आहे.

सराव जंगलात करू नका, तिथला तास फार महाग पडतो. संध्याकाळी नागपुरातच फुटाळा तलावाच्या काठावर किंवा अंबाझरीला जा, सूर्य बुडाल्यानंतर वीस मिनिटं भटकी कुत्री काढा. काळं कुत्रं असेल तर उत्तम, अस्वलाची तयारी होते. चालतं कुत्रं १/२५० ला शार्प मिळायला लागलं की वाघ अवघड नाही, तो कुत्र्यापेक्षा पुष्कळ संथ चालतो.

दाणे काढण्यासाठी लाइटरूमचा डीनॉइज आहे, डीएक्सओ आहे, टोपाझ आहे, कोणतंही चालेल, फक्त रॉवर सगळ्यात आधी चालवा आणि पट्टी पन्नासच्या पुढे नेताना मिशांकडे बघा. मिशा तुटक दिसायला लागल्या की जास्त झालं. थोडे दाणे राहू द्या.

आणि शेवटी फुल फ्रेमचं. फुल फ्रेमला साधारण एका स्टॉपचा फायदा मिळतो हे खरं, पण कधी, तर जनावर दोन्हीकडे फ्रेममध्ये सारखंच भरलं असेल तेव्हा. तीच ६०० ची लेन्स फुल फ्रेमवर लावून वाघ लहान दिसतो म्हणून तुम्ही कंप्युटरवर तेवढाच कापून घेणार असाल, तर वाघावर पडलेला प्रकाश तेवढाच होता, दाणे जवळपास तेवढेच राहणार, वरून पिक्सेल कमी. खरा फरक लेन्सनं पडतो. एफ ६.३ वर जिथे आयएसओ १०००० लागतो तिथे एफ २.८ वर २००० मध्ये काम होतं. ४००चा २.८ घेण्याची आपली ऐपत नाही, माझी पण नाही, पण ७०-२०० चा २.८ सेकंडहँड मिळतो, शहरात भाड्यानं पण मिळतो, आणि रस्त्यावर चालत येणाऱ्या वाघाला क्रॉप बॉडीवर तो पुरतो. सोबत दुसरी जुनी बॉडी असेल तर एकीवर १५०-६०० आणि दुसरीवर हा, जंगलात लेन्स बदलत बसायचं नाही, धूळ जाते. लक्षात ठेवा की २.८ वर लांब लेन्सला डेप्थ (फोकसमध्ये राहणारी खोली) फार कमी मिळते, ४०० एमएमला १५ मीटरवर जेमतेम वीतभर, त्यामुळे फोकस डोळ्यावरच पाहिजे, नाकावर गेला की डोळे गेले. पुढच्या ट्रिपला २.८ भाड्यानं घ्या, आयएसओची मर्यादा वर सांगितली तशी मोकळी सोडा, आणि त्यानंतर पण बॉडीच कमी पडते असं वाटलं तर खुशाल घ्या फुल फ्रेम.